आधी सही, मग मिठाई

"ही क्षिप्रा, बास्केटबॉल खेळते," अशी ओळख करून दिली की आपली मंडळी हटकून विचारतात, "ते झालं हो, पण करते काय?" दिवाळीच्या फराळाला आमच्याकडे आलेल्या किती जणांनी मला हे विचारलं असेल! मी प्रत्येकाला एकच उत्तर देते, "बास्केटबॉल खेळते!" माझा आवाज चढला की नवरा, अंबरीष, समोरून डोळ्यांनी दटावतो. दटावू दे. त्याच्या बँकेनं आम्हाला तोक्योत आणून टाकलं त्याला आता बरीच वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी जिच्यासाठी टाळ्या पिटून पिटून हात लाल केले अशी एकच पोरगी आहे, आणि ती ही.

लागवणकर कुटुंब तोक्योच्या ओजिमा भागातल्या आमच्याच इमारतीत, आमच्या वरच्या मजल्यावर राहतं. विनयराव मूळचे साताऱ्याचे. एका व्यापारी कंपनीच्या नोकरीसाठी बोटीनं जपानला आले ते सहासष्ट साली, तीन वर्षांच्या बोलीवर. इथे योशिएताई भेटली आणि तीन वर्षांची तीस झाली. माणूस सरळ, कामाला चोख, पण हट्टी इतका की बोलायची सोय नाही. योशिएताई त्यांच्या उलट, चार शब्दांत भागत असेल तर पाचवा बोलायची नाही. क्षिप्रा त्यांची एकुलती एक. जपानी जिभेला 'क्षिप्रा' झेपत नाही, त्याचं 'कुशिपुरा' होतं, आणि संघातल्या मुली तिला नुसतं 'कुशी-चान' म्हणतात. कुशी म्हणजे जपानीत कंगवा. विनयरावांना याचा भयंकर राग. "नदीचं नाव ठेवलं, आणि यांनी कंगवा केला!"

तिचं मराठी ऐकायला मोठी गंमत. ते तिनं फक्त बापाकडून उचललेलं, म्हणजे तीस वर्षांपूर्वीचं साताऱ्याचं मराठी, आणि तेही पुरुषाचं. आमची ओळख झाली तेव्हा ही चांगली उंचनिंच मुलगी दारात उभी राहून मला म्हणाली, "बरं मावशी, मी येतो." मी हसून हसून बेजार! अगं, येते म्हण, येते! मग तिनं ते सुधारलं. पण 'जाते' मात्र ती कधीच म्हणायची नाही. आपल्या कुठल्याच घरात म्हणत नाहीत, हे खरं, पण विनयरावांच्या घरात त्याचा फार कडक कारभार होता. गॅसवाला निघाला तरी त्याच्याकडून 'येतो' म्हणून घ्यायचे. जपानीत घरातून निघताना 'इत्ते किमासु' म्हणतात, म्हणजे जाऊन येतो. आणि घरातला माणूस म्हणतो 'इत्ते राशाई', जाऊन ये. विनयराव दर पाहुण्याला हे सांगायचे आणि वर म्हणायचे, "बघा, हे लोक आपलेच आहेत की नाही!" क्षिप्राच्या डोक्यात लहानपणापासून दोन्ही एकच होते. बाबांकडे बघून येते, आईकडे बघून इत्ते किमासु.

आता तिच्या खेळाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. इथे बास्केटबॉलचे संघ कंपन्यांचे असतात. खेळाडू म्हणजे कंपनीची नोकरदार. सकाळी हिशेबाच्या नाहीतर व्यवस्थेच्या खात्यात बसायचं, झेरॉक्स काढायच्या, पाकिटं चिकटवायची, आणि दुपारनंतर सराव. खेळ संपला की टेबल आहेच, निवृत्तीपर्यंत. क्षिप्रा तोक्योतल्या एका विजेच्या सामानाच्या कंपनीत शाळा सुटल्या सुटल्या लागली. तिला शोधून काढलं सेकिमोतो नावाच्या गृहस्थांनी. ते त्या संघाचे कान्तोकु, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, व्यवस्थापक, आईबाप, सगळं तेच. शाळेचा एक सामना पाहून ते थेट लागवणकरांच्या घरी आले होते. विनयरावांनी केलेले पोहे त्यांनी चॉपस्टिकनं एकेक दाणा उचलत संपवले, मग चटईवर कपाळ टेकवून म्हणाले, "तुमची मुलगी माझ्याकडे सांभाळायला द्या." हा प्रसंग विनयरावांनी मला इतक्यांदा सांगितलाय की तो मी स्वतः पाहिल्यासारखा वाटतो.

आणि खरंच सांभाळलं हो त्या माणसानं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा हॉस्पिटलात रोज सफरचंद कापून द्यायला यायचे. बायको नाही, मूल नाही. संघ हाच संसार. पण संसार झाला तरी मैदानावर पाचच जणी खेळतात. गेले दोन हंगाम क्षिप्राच्या जागी एक कोवळी, चपळ मुलगी उतरायला लागली आणि क्षिप्रा बाकावर. पाठीवर आठ नंबर, मांडीवर टॉवेल. मी सामना बघायला जायचे आणि सगळा वेळ त्या बाकाकडेच बघत बसायचे. एकदा परतताना गाडीत ती मला म्हणाली, "मावशी, मला बसवत नाही हो. धावून दमले तर चालेल, बसून दमायला होतं."

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये हंगाम संपला. कंपनीनं सुचवलं की आता खेळ थांबव, टेबल कायमचं घे, शिवाय नव्या मुलींना शिकव. वाईट नव्हतं ते. गुडघा असा, वय तिशीकडे चाललेलं. पण त्याच आठवड्यात क्योतोहून फोन आला. तिथल्या एका कापड कंपनीच्या संघाला अनुभवी खेळाडू हवी होती. पहिल्या पाचांत जागा नक्की, पैसे जास्त. पण करार एका वर्षाचा. टेबल नाही, नोकरी नाही. वर्ष संपलं आणि नको झालीस तर नमस्कार. विनयरावांनी फोनवरच दोन वर्षं मागून पाहिली, ती मिळाली नाहीत.

क्षिप्रानं एका दिवसात ठरवलं. तिला खेळायचं होतं, बस्स. कायमचं टेबल म्हणजे तिच्या दृष्टीनं आणखी एक बाक.

प्रश्न होता कसं निघायचं याचा. त्याची सभा भरली आमच्या जेवणाच्या टेबलावर, कारण करारमदारातलं कळणारा दुसरा मराठी माणूस म्हणजे अंबरीष. विनयरावांनी पोळीचा तुकडा आमटीत बुडवला आणि आपली स्ट्रॅटेजी मांडली. "दोन्ही ऑप्शन ओपन ठेवायचे. क्योतोची सही होईपर्यंत इथे 'सोडते' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. उद्या क्योतोवाले फिरले तर? हातचं टेबलही जायचं. नवं अपॉइंटमेंट लेटर हातात आल्याशिवाय जुन्या ठिकाणी राजीनामा देतं का कोणी?"

"करेक्ट," अंबरीष म्हणाला. आपण सगळे असेच वाढलो. मलाही त्यात चूक दिसली नाही.

योशिएताई तेवढी हळूच म्हणाली, "आधी आपण तिघं सेकिमोतो-सानकडे जाऊ. मिठाईचा डबा घेऊन. त्यांनी आपल्या घरी येऊन मागितली होती ना? मग आपण त्यांच्या दारी जाऊन परत मागायची."

"अगं, जाऊ की! कोण नाही म्हणतंय?" विनयराव हसले. "पण आधी सही, मग मिठाई."

आम्ही सगळेच हसलो. योशिएताई हसली नाही, तिनं ताटं उचलायला घेतली.

मग क्षिप्रा एकटीच कान्तोकुंना भेटायला गेली, सरावाच्या हॉलमध्ये. बापानं पढवल्याप्रमाणे 'सोडते' म्हणाली नाही. म्हणाली, "क्योतोच्या संघाकडून बोलणं आलंय. एकदा जावं असं वाटतंय." त्यांनी विचारलं, "कधी?" ती म्हणाली, "पुढच्या आठवड्यात." "असं का," ते म्हणाले. तिनं कमरेत वाकून नमस्कार केला. दारापाशी पोचली आणि मागे वळून पाहिलं, तर ते बास्केटखाली उभे. अकरा वर्षं त्या हॉलमध्ये घाम गाळलेला. तिचे डोळे भरून आले आणि तोंडातून जे यायचं तेच आलं.

"इत्ते किमासु."

सेकिमोतोही क्षणभर थांबले, आणि म्हणाले, "इत्ते राशाई."

घरी आली ती रडत आणि हसत. "बाबा, त्यांनी आनंदानं निरोप दिला!" विनयराव मांडीवर थाप मारून म्हणाले, "बघ! उगाच घाबरत होतीस."

मग ती क्योतोला गेली आणि सही झाली. आता रीतसर राजीनामा. इथे विनयरावांनी जे केलं ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. त्यांनी राजीनामा टाइप केला, क्षिप्राची सही घेतली, आणि पोस्टात जाऊन पाठवला रजिस्टर, पोचपावतीसह! साताऱ्यात हे शहाणपणाचं लक्षण. कागद पोचल्याचा पुरावा हवा, नाहीतर उद्या साहेब म्हणेल मिळालाच नाही. पण जपानात असा पावतीचा कागद कोण कुणाला पाठवतो? ज्याच्याविरुद्ध कोर्टात जायचंय त्याला! ज्या माणसानं हॉस्पिटलात बसून सफरचंदं कापून दिली त्याच्या हातात पोस्टमननं तो लिफाफा ठेवला आणि शिक्का मारून घेतला. योशिएताईला हे पावती परत आली तेव्हा कळलं. तिनं ती पावती पाहिली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली.

"मिठाई न्यायची ना?" तिनं दुसऱ्या दिवशी विचारलं.

"नेऊ गं, या रविवारी नाहीतर पुढच्या," विनयराव म्हणाले. तो रविवार काही आला नाही.

मे महिन्यात क्योतोहून निरोप आला आणि सगळ्यांच्या पायाखालची जमीन सरकली. या खेळात नियम असा, की एका संघातून दुसऱ्या संघात जायचं तर जुन्या संघाची संमती लागते. शिक्क्यानिशी. ती नसेल तर पूर्ण एक हंगाम बाहेर. क्योतोवाल्यांनी संमती मागितली, आणि तोक्योच्या कंपनीनं नाही म्हणून कळवलं. क्योतोचा व्यवस्थापक भला माणूस होता, पण तोही कंपनीचाच नोकर. म्हणाला, जूनअखेर नावं नोंदवायची आहेत. तोवर संमती आली नाही तर करार रद्द.

म्हणजे बघा, इकडचं टेबल सोडलेलं आणि तिकडचं मैदान मिळेना. एक हंगाम बाहेर बसायचं म्हणजे त्या गुडघ्यानं, त्या वयात, कायमचंच बसायचं. हे तिला ठाऊक होतं, आम्हालाही. ती घरातच बसून होती. रोज सकाळी ओनागी कालव्याच्या काठानं धावायची. मी गॅलरीतून बघायचे. आधी ती धावायची तेव्हा पुढे बघायची, आता खाली बघून धावत होती.

विनयराव पेटलेच. "केस करू! माणूस काय कंपनीची मालमत्ता आहे?" पुन्हा आमच्या टेबलावर सभा. अंबरीषही तावातावानं म्हणाला की राजीनाम्याची पावती आहे म्हणजे बाजू भक्कम. मी म्हटलं, "ती पावती घाला चुलीत! तिला कोर्टात जिंकायचंय की मैदानावर उतरायचंय?" तेवढ्यात आमचा फोन वाजला. क्योतोचा व्यवस्थापक होता, वरच्या मजल्यावर कुणी उचलत नाही म्हणून आमच्याकडे केला होता. क्षिप्रानं घेतला. फोन ठेवून ती तशीच उभी राहिली.

"काय झालं?" विनयराव म्हणाले.

"ते स्वतः सेकिमोतो-कान्तोकुंशी बोलले. कान्तोकु म्हणतात, ही परत येते म्हणून सांगून गेली. स्वतःच्या तोंडानं."

"तू म्हणालीस असं?"

"नाही! मी कशाला म्हणेन? मी फक्त..." ती थांबली. मग अगदी हळू म्हणाली, "मी निघताना इत्ते किमासु म्हटलं. आपण म्हणतो तसं. येते."

योशिएताईनं तोंडावर हात ठेवला.

मला काही कळेना. "मग त्यात काय झालं? तुमच्याकडे रोज सगळे तेच म्हणतात ना?"

योशिएताई तेव्हा माझ्याकडे वळून जेवढं बोलली तेवढं मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. तिचं अर्धं मराठी, अर्धं जपानी, पण कळलं मला. आपलं 'येते' कुठूनही निघताना चालतं. शेजारणीकडून, डॉक्टरकडून, पुन्हा कधी तोंड बघायचं नसलेल्या माणसाच्या दारातूनसुद्धा. 'इत्ते किमासु' तसं नाही. जिथे परत यायचंय तिथूनच ते म्हणतात. घरातून. कायमचं निघताना वेगळे शब्द असतात, आजवर सांभाळलंत त्याचे आभार मानायचे. ते शब्द क्षिप्रानं उच्चारलेच नाहीत, कारण सही व्हायच्या आधी उच्चारायचे नाहीत असं ठरलं होतं. कान्तोकुंना वाटलं, पोरगी क्योतो बघून येईल आणि येऊन काय ते सांगेल. ते थांबले. आणि आला तो पावतीचा लिफाफा.

"पण ही जन्मानं जपानी आहे की! हिला कसं कळलं नाही?" मी म्हटलं.

"कळतं ना," क्षिप्रा म्हणाली. "कुणी विचारलं तर मी सांगितलं असतं. पण रडायला आलं तेव्हा मी बाबांचा शब्द आईच्या भाषेत बोलले."

केस हा शब्द विनयरावांच्या तोंडून त्यानंतर आला नाही.

पुढचं मी क्षिप्राकडून ऐकलेलं. त्याच आठवड्यात ते तिघं गेले. योशिएताईनं निवडलेल्या मिठाईचा डबा, विनयरावांनी घातलेला काळा सूट. सेकिमोतोंनी त्यांना हॉलच्या बाजूच्या छोट्या खोलीत बसवलं, चहा मागवला. डब्याला हात लावला नाही. विनयराव खुर्चीवरून उठून जमिनीवर बसले आणि त्यांनी कपाळ टेकवलं. क्षिप्रा म्हणाली, "मावशी, बाबांना असं कधी पाहिलं नव्हतं."

मग विनयराव समजावायला लागले. आमच्या भाषेत निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, ते अशुभ. 'येतो' म्हणतो. रीत आहे ती. मुलीनं तेच म्हटलं. त्याचा अर्थ परत येणार असा धरायचा नसतो.

सेकिमोतोंनी सगळं ऐकून घेतलं. उठले, कपाट उघडलं आणि आतून घडी घातलेला शर्ट काढून टेबलावर ठेवला. आठ नंबरचा. या वर्षी नव्या मुली आल्या, त्यांतल्या दोघींनी हा नंबर मागितला होता. त्यांनी दिला नव्हता.

"लागवणकर-सान," ते म्हणाले, "तुमच्या देशात निघणारा येतो म्हणतो, आणि त्याचा अर्थ धरायचा नसतो. मग तुमच्याकडे मागे राहिलेला माणूस काय करतो?"

क्षिप्रा म्हणाली, विनयराव नुसते त्या शर्टकडे बघत राहिले.

मग सेकिमोतो क्षिप्राकडे वळले. "मार्चमध्ये जे म्हणायचं राहिलं ते आता म्हण."

ती उभी राहिली आणि तिनं म्हटलं. मी हा संघ सोडून जाते आहे. परत येणार नाही. इतकी वर्षं सांभाळलंत, तुमचे उपकार आहेत. तीन छोटी वाक्यं. म्हणून झाल्यावर सेकिमोतोंनी मान हलवली, खणातून संमतीचा कागद काढला आणि शिक्का मारला. कागद तयारच होता. म्हणजे बघा! त्यांना अडवायचं नव्हतंच. त्यांना कुणीतरी येऊन सांगायला हवं होतं, इतकंच. हे ऐकलं तेव्हा मला भडभडून आलं, आणि सगळ्यांचा रागही आला. एका वाक्यासाठी तीन महिने पोरीचा जीव टांगणीला लावला होता सगळ्यांनी मिळून.

निघताना ती दारापाशी थांबली. सेकिमोतो मागे उभे होते. आजवर कुठल्याही दारातून ती गप्प निघाली नव्हती. तिथून गप्प निघाली.

परतीच्या गाडीत विनयराव खिडकीशी बसले होते. बरीच स्टेशनं गेली. मग ते मराठीत म्हणाले, योशिएताईला नाही, क्षिप्राला नाही, काचेला म्हणाल्यासारखं, "आईनं माझी खाट हलवू दिली नव्हती म्हणे. सोप्यात अडचण व्हायची. दादा म्हणायचा, काढू या. ती म्हणायची, तो येतो म्हणून गेलाय."

विनयराव सहासष्ट साली आईच्या पाया पडून 'येतो' म्हणून निघाले होते. आधी कंपनीनं रजा दिली नाही, मग लग्न, मग क्षिप्रा, मग तिकिटाचे पैसे. आई गेली तेव्हा तार पोचायलाच इतके दिवस लागले की जाऊन उपयोग नव्हता. हे मला माहीत होतं, खाटेचं माहीत नव्हतं. ते तीस वर्षांत त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"रीत आहे, रीत आहे म्हणत आलो मी," ते म्हणाले. "तिनं तो शब्दच धरला होता."

क्षिप्रा मला हे सांगत होती तेव्हा आम्ही दोघी माझ्या गॅलरीत बसलो होतो. तिचं नाव क्योतोत नोंदलं गेलं होतं, सामान बांधून झालं होतं, आणि मी तिला बेसनाचे लाडू बांधून देत होते. मी विचारलं, "आणि वर्षानं पुढे काय गं? करार संपल्यावर?" ती म्हणाली, "माहीत नाही, मावशी. गुडघा काय म्हणतो ते बघायचं." मग जरा थांबून म्हणाली, "खेळायला मिळालं, पण वाटलं होतं तसा आनंद होत नाही. त्या शर्टची घडी डोळ्यांपुढून हलत नाही."

जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती निघाली. मी डबा द्यायला वर गेले. दारात तिची बॅग, ती बूट चढवत होती. योशिएताई भिंतीला टेकून उभी. विनयराव आतून आले, तीन महिन्यांत दहा वर्षांनी म्हातारे झालेले.

क्षिप्रा उभी राहिली, वाकून बाबांच्या पाया पडली. आणि तिनं तोंड उघडलं, तसा विनयरावांनी हात वर केला.

"येते म्हणू नकोस," ते म्हणाले. "क्योतोला घर केलंस, तिथे काम आहे, कधी येशील तुलाही ठाऊक नाही. मला खाट मांडून बसायचं नाही. जाते म्हण."

"अहो विनयराव, काय हे! पोरगी दारात उभी आहे!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"म्हणू दे, वहिनी. खरं बोलू दे तिला."

क्षिप्रानं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. हा शब्द तिनं त्या घरात जन्मात उच्चारला नव्हता. तो उच्चारायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला.

"जाते, बाबा."

आणि विनयराव, ज्यांनी हे म्हणायला लावलं तेच विनयराव, दाराची चौकट घट्ट धरून म्हणाले,

"ये."